सहापैकी सहा मार्कर जुळले, म्हणजे नेमकं काय जुळलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरीकडे वाइनसाठी शिराझ लावली. तिसऱ्या वर्षी काही ओळींची पानं आणि घड बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसायला लागले. नर्सरीने डीएनए चाचणीचा अहवाल पुढे केला, त्यात 'सहापैकी सहा मार्कर जुळले, जात शिराझ' असं लिहिलेलं आहे. हा अहवाल मानायचा का? पुन्हा चाचणी करायची तर कशी? आणि मागवलेला क्लोन (त्याच जातीतली निवडून काडीने वाढवलेली उपनिवड) तोच आहे का, हेही त्यातून कळेल का?

अहवाल बहुधा खराच असेल. पण तो ज्या पानाचा आहे त्या पानापुरता खरा आहे. ते पान कुठल्या वेलाचं, ते कुणी तोडलं आणि प्रयोगशाळेने ते कोणत्या 'शिराझ'शी ताडून पाहिलं, ही तीन उत्तरं त्या कागदावर नसतील तर तुमच्या वेगळ्या दिसणाऱ्या ओळींबद्दल तो काहीच सांगत नाही. यंत्र आणि रसायनं ही या कामातली त्यातल्या त्यात सोपी बाजू आहे. चुका होतात त्या पान तोडताना आणि तुलनेचा नमुना निवडताना.

आधी मोजतात काय ते पाहू. द्राक्षवेलीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यांच्यावर काही ठिकाणी दोन अक्षरांचा तुकडा, उदाहरणार्थ जीए-जीए-जीए, ओळीने अनेकदा आलेला असतो. ही पुनरावृत्ती किती वेळा आहे ते जातीगणिक बदलतं. या जागांना मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएसआर म्हणतात, अहवालातले मार्कर म्हणजे याच जागा. पीसीआर या पद्धतीने तेवढ्याच तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्याची लांबी बेसजोड्यांत, म्हणजे डीएनएच्या अक्षरांत, मोजायची. एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते, म्हणून प्रत्येक मार्करला दोन आकडे मिळतात. हे त्या जागचे अ‍ॅलील. वेल काडीने वाढवला जात असल्यामुळे जगातल्या सगळ्या शिराझ वेलांत हे आकडे सहसा तेच राहतात. नाव सिरा लिहा नाहीतर शिराझ, जनुकीय ठसा एकच.

द्राक्षात हे मार्कर ऑस्ट्रेलियात थॉमस आणि स्कॉट यांनी १९९३ मध्ये वापरून दाखवले. व्हीव्हीएस २ हा त्यांचाच. 'व्हीव्हीएमडी' नावाचे मार्कर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे आणि 'व्हीआरझॅग' हे व्हिएन्नातले, रिपारिया या जंगली जातीतून शोधलेले. युरोपातल्या संस्थांनी मिळून त्यातले सहा ठरवले: व्हीव्हीएस २, व्हीव्हीएमडी ५, व्हीव्हीएमडी ७, व्हीव्हीएमडी २७, व्हीआरझॅग ६२ आणि व्हीआरझॅग ७९. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेच्या वर्णनसूचीत त्यांना ८०१ ते ८०६ हे क्रमांक आहेत. पुढे व्हीव्हीएमडी २५, २८ आणि ३२ यांची भर पडून नऊ झाले. तुमच्या अहवालातले सहा हेच असायला हवेत. दुसरेच असतील तर जगातल्या कुठल्याही माहितीसाठ्याशी ते ताडता येणार नाहीत. आणि कुणाच्या फाइलमध्ये जुना आरएपीडीचा (जेलवरच्या पट्ट्यांवरून जात ओळखण्याच्या पद्धतीचा) अहवाल असेल, तर तो तसाच राहू द्या. तीच चाचणी दुसऱ्या प्रयोगशाळेत केली की पट्टे बदलतात, त्यावर भांडण सुटत नाही.

आता नमुना. नाशिककडची बाग डॉगरिज नाहीतर ११० आर अशा खुंटावर, म्हणजे मुळांसाठी लावलेल्या दुसऱ्या वेलावर, कलम केलेली असते. खुंटाचा फुटवा बुंध्यातून वर येऊन ओलांड्यात (वेलाच्या आडव्या फांदीत) मिसळला की त्याचं पान आणि कलमाचं पान घाईत सारखंच वाटतं. मग प्रयोगशाळा इमानदारीने खुंटाची जात कळवते. अहवालात व्हिनिफेरात (वाइनच्या जातींच्या प्रजातीत) सहसा न आढळणारे अ‍ॅलील दिसले तर पहिला संशय यावर घ्यावा. पान तोडताना ओलांड्यावरची काडी धरून ती कलमाच्या गाठीच्या वरून निघाली आहे हे बोटाने माग काढत खात्री करा. क्वचित कलमाचा डोळाच मेलेला असतो आणि खुंटालाच बागायतदाराने तीन वर्षं वेल म्हणून वाढवलेलं असतं. तुमच्या काही 'वेगळ्या' वेलांचं उत्तर एवढंच निघू शकतं.

शेंड्याकडचं दुसरं-तिसरं कोवळं पान सगळ्यात चांगलं. छाटणीनंतर फूट चार-पाच पानांवर असताना ते सहज मिळतं. जून पानात पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा इतक्या असतात की डीएनए तपकिरी होतो. बोर्डो किंवा ताम्रयुक्त फवारणीचा थर असेल तर पान ओल्या कापडाने पुसून घ्या, तांबं पीसीआर अडवतं. पान कागदी पाकिटात घालून, वजनाच्या दहापट कोरड्या सिलिका जेलमध्ये ठेवलं तर दोन दिवसांत कडक वाळतं आणि पोस्टाने पाठवता येतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं पान कोंबलं की ते कुजतं. प्रयोगशाळेला मग बुरशीचाही डीएनए मिळतो. हंगाम नसेल तर पक्व काडीची साल खरवडून आतला हिरवा थर घेता येतो. मण्याची साल किंवा गर चालेल, कारण ते आईवेलाचेच भाग आहेत. बी मात्र कधीच देऊ नका, बीतला अंकुर ही पुढची पिढी असते. तयार वाइनवरून जात ओळखून देऊ असं कुणी म्हणालं तरी जपून राहा. आंबवण आणि गाळण यांत डीएनए इतका तुटतो आणि इतका कमी उरतो की भरवशाचा ठसा मिळणं अवघड होतं.

किती वेल तपासायचे? मिसळ सगळीकडे सारखी विखुरलेली आहे असं धरलं, तर पाच टक्के भेसळ ९५ टक्के खात्रीने पकडायला ५९ वेल लागतात आणि दहा टक्के भेसळीला २९. पण नर्सरीत मिसळ विखरून होत नाही, ती जुडीने होते. एक जुडी चुकीच्या ढिगात गेली की लागवडीत सलग वीस-पंचवीस वेल दुसरेच लागतात. म्हणून आधी डोळ्यांनी बाग वाचा. संशयित ओळी आणि खात्रीच्या ओळी वेगळ्या रंगाच्या फितींनी बांधा, आणि प्रत्येक संशयित पट्ट्यातून तीन-चार वेल स्वतंत्र द्या. दहा वेलांची पानं एकत्र कुटून एकच नमुना देण्याची काटकसर करू नका. दहातला एक वेगळा असेल तर मोजणीच्या आलेखातलं त्याचं शिखर दुसऱ्याच्या सावलीत लपून जातं.

प्रयोगशाळेत काय होतं हे माहीत असलेलं बरं, कारण 'नमुना खराब निघाला' या वाक्यामागे काय आहे ते विचारता येतं. साधारण १०० मिलिग्रॅम ताजं किंवा २० मिलिग्रॅम वाळलेलं पान द्रव नायट्रोजनमध्ये भुकटी करतात. त्यावर सीटॅब या साबणासारख्या रसायनाचं द्रावण घालतात: सीटॅब दोन टक्के, मीठ १.४ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, पीएच ८. द्राक्षासाठी यात दोन टक्के पीव्हीपी आणि ऐन वेळी थोडं मर्कॅप्टोइथेनॉल लागतंच. या दोहोंनी पॉलिफेनॉल आवरले जातात. ६५ अंशांवर अर्धा-पाऊण तास, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १ या प्रमाणात घालून दोनदा सेंट्रिफ्यूज. पुढची पायरी इतर पिकांवर हात बसलेले लोक हमखास विसरतात. वरच्या पाण्यात त्याच्या निम्मं ५ मोलर मिठाचं द्रावण घालून मगच थंड अल्कोहोल घालायचं. मीठ जास्त असलं की शर्करा द्रावणातच राहतात आणि डीएनए तेवढा खाली बसतो. नाहीतर तळाशी जेलीसारखा गोळा येतो, पिपेटच्या टोकाला तार धरतो आणि पीसीआरला काही उमटत नाही.

डीएनए किती शुद्ध आहे ते प्रकाशाच्या शोषणावरून कळतं. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ च्या आसपास हवं हे सगळे पाहतात. द्राक्षात २६०/२३० जास्त बोलकं असतं. ते १ च्या खाली असेल तर शर्करा किंवा पॉलिफेनॉल उरलेत. तेव्हा डीएनए जास्त घालून उपयोग नाही, उलट दहापट पातळ करून पाहावा. अडवणारा पदार्थही पातळ होतो आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम भागतं.

पीसीआर १० मायक्रोलिटरमध्ये, १० ते २० नॅनोग्रॅम डीएनए, मॅग्नेशियम १.५ ते २ मिलिमोलर, प्राइमर (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए) प्रत्येकी ०.२ मायक्रोमोलर, ५२ ते ५८ अंशांवर प्राइमर बसवून ३५ फेऱ्या. शेवटी ७२ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, ती वाचवू नयेत. प्रती काढणारं पॉलिमरेज हे विकर तुकड्याच्या टोकाला एक जादा 'ए' चिकटवतं. वेळ कमी पडला तर काही तुकड्यांना तो चिकटतो, काहींना नाही. मग एकाच अ‍ॅलीलची एक बेसने वेगळी अशी दोन शिखरं दिसतात आणि २३९ की २४० यावर वाद सुरू होतो.

मोजणी तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या केशनलिकेच्या यंत्रावरच व्हायला हवी. साध्या अ‍ॅगरोज जेलवर दोन बेसचा फरक दिसत नाही आणि इथे जाती अनेकदा तेवढ्याच फरकाने वेगळ्या असतात. प्राइमरना वेगवेगळे रंग लावून तीन रंगांत सहा मार्कर एकत्र चालवता येतात, फक्त एकमेकांवर चढणारे मार्कर एका रंगात नकोत. व्हीव्हीएमडी ५, व्हीव्हीएमडी ७ आणि व्हीआरझॅग ७९ हे तिघेही २२० ते २६५ च्या पट्ट्यात येतात, म्हणून तिघांना तीन रंग; आणि त्यांच्या जोडीला अनुक्रमे व्हीव्हीएस २, व्हीव्हीएमडी २७ आणि व्हीआरझॅग ६२ हे आखूड तुकडे. यंत्रात उत्पादन पातळ करूनच भरावं. शिखर मर्यादेबाहेर गेलं की त्याचा रंग शेजारच्या रंगात सांडतो आणि तिथे नसलेला अ‍ॅलील उभा राहतो.

शिखर वाचायला सवय लागते. दोन अक्षरी पुनरावृत्तीत खऱ्या शिखराच्या आधी, दोन बेस अलीकडे, एक बुटकी सावली पडते. तिला स्टटर म्हणतात. दोन खरे अ‍ॅलील दोनच बेसने वेगळे असतील तर धाकट्याच्या डोक्यावर थोरल्याची सावली चढते आणि धाकटं शिखर उंच दिसतं. नवशिका ते एकच अ‍ॅलील समजतो. दुसरी चूक याच्या उलटी: लांब अ‍ॅलील कमी प्रमाणात तयार होतो, डीएनए कमजोर असेल तर तो गायबच होतो आणि वेलात दोन सारखे अ‍ॅलील आहेत असं नोंदलं जातं. म्हणून एकच आकडा आलेला मार्कर नव्याने डीएनए काढून एकदा तरी पुन्हा करावा. मात्र कॅबर्ने सॉव्हिन्यॉनमध्ये व्हीव्हीएमडी ७ ला खरोखरच एकच आकडा येतो, २३९/२३९. तो नियंत्रण नमुना (आकडे आधीच माहीत असलेला नमुना) म्हणून सोबत चालवायला सोयीचा पडतो.

आणि नियंत्रण नमुना हवाच. एका प्रयोगशाळेत १३९ येणारा अ‍ॅलील दुसरीकडे १३८ किंवा १३७ येऊ शकतो. रंग, जेल, मोजपट्टी बदलली की आकडा सरकतो. यावर दहा प्रयोगशाळांनी मिळून काम केलं आणि २००४ मध्ये तोडगा मांडला. निव्वळ आकड्यावर विसंबायचं नाही, ओळखीच्या जातींचे अ‍ॅलील सोबत चालवायचे आणि त्यांच्या तुलनेत आपला अ‍ॅलील किती पुढे-मागे ते लिहायचं. एका जातीने भागत नाही, कारण सरकणं सगळ्या लांबीवर सारखं नसतं. कॅबर्ने सॉव्हिन्यॉन, पिनो न्वार, शार्दोने आणि एखादी मस्कत असे तीन-चार नमुने त्याच फेरीत हवेत. त्यानंतर जर्मनीतल्या गाइलवाइलरहोफ इथून चालवल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाण-सूचीतल्या नोंदींशी तुलना करायला अर्थ येतो.

तुलनेचा नमुनाच चुकीचा असेल तर काय होतं, याचा धडा ऑस्ट्रेलियाने घेतला. तिथे अल्बारिन्यो म्हणून लावलेली द्राक्षं सावान्यां निघाली, २००९ मध्ये डीएनएने ते पक्कं झालं. स्पेनमधून आलेल्या काड्यांनाच चुकीचं नाव होतं. तोवर कुणी आपला वेल त्याच देशी संग्रहातल्या 'अल्बारिन्यो'शी ताडला असता, तर सहापैकी सहा मार्कर जुळलेच असते! तुमच्या नर्सरीने स्वतःच्या मातृबागेतल्या शिराझशी तुलना करून घेतली असेल तर त्या अहवालातून एवढंच सिद्ध होतं की रोपं त्यांच्याच मातृबागेतली आहेत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या जातीसंग्रहातला नमुना घ्या, आणि तो नमुनाही आंतरराष्ट्रीय नोंदीशी जुळतो का ते विचारा.

सहा मार्करांत किती दम आहे? समजा एकेका मार्करवर दोन असंबंधित जाती योगायोगाने सारख्या निघण्याची शक्यता वीसात एक आहे. सहांचा गुणाकार केला की ६.४ कोटींत एक. हा आकडा अहवालांत आवडीने छापतात. पण वाइनच्या जाती असंबंधित नसतात, तो एक मोठा गोतावळा आहे. पिनो आणि गूए ब्लां या एकाच जोडप्याची १६ अपत्यं १९९९ मध्ये नोंदली गेली. शार्दोने, गामे, अलिगोते, मलों ही त्यातलीच. सख्ख्या भावंडांत एका मार्करवर जुळण्याची शक्यता ०.३७ च्या आसपास धरा. सहांवर ती सुमारे ३९० त एक होते, नवांवर ७,७०० त एक. म्हणून भावंडाचा संशय असेल तिथे नऊ मार्करच मागावेत.

तुमच्या बाबतीत संशय आई-लेकराचा असू शकतो. शिराझ ही द्युरेझा आणि मोंद्यूज ब्लांश यांची मुलगी, आणि द्युरिफ ही शिराझ आणि पेलूरसें यांची. कॅलिफोर्नियातल्या 'पेटीट सिरा' नावाच्या बागांत बहुतांश द्युरिफ निघाली, अधूनमधून पेलूरसें आणि खरी सिराही. असा वेल शिराझशी प्रत्येक मार्करवर एक अ‍ॅलील जुळवतो आणि दुसऱ्यावर बऱ्याचदा फसतो. याला 'अर्धवट जुळणी' म्हणून सोडून देणारे अहवाल पाहायला मिळतात. ती जुळणी नव्हे, नातं आहे. कॅबर्नेचं उदाहरण घेतलं तर स्पष्ट होईल. व्हीव्हीएस २ वर कॅबर्ने फ्रां १३९/१४७, सॉव्हिन्यॉन ब्लां १३३/१५१ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉन १३९/१५१: एक आकडा इकडचा, एक तिकडचा. व्हीव्हीएमडी ७ वर पहिल्या दोघांचे २३९/२६३ आणि २३९/२५७, लेकराचे २३९/२३९. १९९७ मध्ये बाऊअर्स आणि मेरेडिथ यांनी हे नातं ३० मार्करांवर तपासून मांडलं. ओळख पटवायला सहा-नऊ पुरतात, पालक ठरवायला नाही.

उलट, वेगळी नावं असलेल्या जाती एकच निघण्याचा नमुना म्हणजे नाशिककडेही लावली जाणारी झिनफांडेल. ती इटलीतली प्रिमितिव्हो हे १९९४ मध्ये डीएनएने ठरलं, आणि २००१ मध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावर काश्तेल नोव्ही इथे त्स्र्ल्येनाक काश्तेलान्स्की नावाच्या जुन्या वेलाचा ठसा तोच निघाला. त्याआधी बरीच वर्षं शेजारच्या प्लावात्स मालीवर बोट ठेवलं जात होतं. दिसायला ती तशीच आहे, पण मार्करांनी ती झिनफांडेलचं अपत्य ठरली.

एका मार्करवर दोन बेसचा फरक आला तर लगेच जात वेगळी म्हणू नका. नवीन पानापासून पुन्हा सुरुवात करा. फरक टिकला तर तो कायिक बदल, म्हणजे वेल वाढताना पेशींत झालेला बदल, असू शकतो. कधी एका मार्करला तीन अ‍ॅलील दिसतात. वेलाच्या पेशींचे दोन थर असतात आणि बदल एकाच थरात झालेला असतो. पिनोच्या क्लोनांत हे दिसतं. तीन किंवा अधिक मार्करांवर टिकणारा फरक म्हणजे मात्र दुसरी जात.

क्लोनबद्दल: नाही, कळणार नाही. पिनो न्वार, पिनो ग्री आणि पिनो ब्लां यांचा ठसा एकच येतो, मण्याचा रंग ढळढळीत वेगळा असूनही, कारण रंगाचा बदल एका जागी झाला आणि हे मार्कर दुसरीकडे आहेत. खाण्याच्या द्राक्षांत तास-ए-गणेश, सोनाका आणि माणिक चमन ही थॉमसनमधूनच निवडलेली. या मार्करांवर त्यांना थॉमसनपासून वेगळं काढण्याची अपेक्षा ठेवू नये. एसएनपीचा, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक वाचणाऱ्या मार्करांचा, ४८ चा संच आणि १८ हजारांची चिप आली आहे. प्रयोगशाळा बदलली तरी त्यांचं वाचन सरकत नाही हा मोठा फायदा, पण क्लोनाचा प्रश्न त्यांनीही सुटत नाही. त्यासाठी पूर्ण जनुकसंच वाचावा लागतो आणि ताडायला त्याच क्लोनाचा खात्रीचा वेल लागतो. क्लोनाचा दावा नर्सरीच्या कागदपत्रांवरच तपासा.

शेवटी तुमच्या ओळी. पानं लालसर होऊन कडा खाली वळल्या असतील, शिरा हिरव्या राहिल्या असतील आणि गोडी मागे पडली असेल, तर जात शिराझच असून लीफरोल विषाणू असण्याची शक्यता मोठी आहे. डीएनए ठसा त्याबद्दल मुका असतो. त्याची चाचणी वेगळी, नमुनाही वेगळा, हंगामाच्या अखेरीचे पानाचे देठ किंवा काडी. पानाचा आकारच वेगळा असेल, कापे खोल असून मध्ये गोल भोकं पाडल्यासारखं दिसत असेल, तर कॅबर्ने सॉव्हिन्यॉनची जुडी मिसळली का ते आधी पाहा. दोन्ही बाबतीत संशयित पट्ट्यातले चार, खात्रीचे दोन आणि नर्सरीच्या मातृवेलाचा एक अशी पानं तुम्ही आणि नर्सरीवाल्याने मिळून तोडा, पाकिटावर ओळ आणि वेल क्रमांक लिहून दोघांनी सही करा. प्रत्येक नमुन्याची दोन पाकिटं करा आणि एक सिलिकामध्ये तुमच्याकडे ठेवा. अहवाल मागताना नऊ मार्करांचे आकडे, नियंत्रण जातींचे आकडे आणि शिखरांचे आलेख मागा.